गोजाबाईची काहील

फार वर्षांपूर्वी, म्हणजे गोदावरीला धरण माहीत नव्हतं आणि आमच्या गावाला घड्याळ माहीत नव्हतं तेव्हा, मळईटाकळीत गोजाबाई नावाची एक बाई होती. ती लोकांना नदीपार न्यायची. तिच्याकडे नाव नव्हती. काहील होती.

काहील म्हणजे गुऱ्हाळातली ती भलीमोठी लोखंडी कढई, जिच्यात उसाचा रस उकळून गूळ करतात. तिच्यात आठ माणसं बसतात आणि नववं बसलं तर आठही भिजतात. काहील गोल असते, त्यामुळे तिला पुढचं आणि मागचं नसतं. वल्हं मारलं की ती पुढे जायच्या आधी स्वतःभोवती फिरते. माणूस पलीकडे पोचतो खरा, पण पोचल्यावर बराच वेळ त्याला पलीकडचं अलीकडे आणि अलीकडचं पलीकडे दिसतं.

ही काहील गोजाबाईला एका गुऱ्हाळवाल्यानं फुकट दिली होती. चांगली काहील कुणी फुकट का देईल, हा प्रश्न तेव्हा कुणाला पडला नाही. तुम्हालाही पडला नसता. तुम्हाला पलीकडे जायचं असतं.

गोजाबाईचे नियम नव्हतेच. माणूस आला की ती म्हणायची, "बस." माणूस विचारायचा, मी काय करू, वल्हं धरू का, पाणी उपसू का, देवाचं नाव घेऊ का. ती म्हणायची, "बस." मग म्हणायची, दोन्ही हात कडेला धर आणि डोळे मिट, नाहीतर गरगरतं. माणसं डोळे मिटायची. पलीकडे पोचायची. असं किती वर्षं चाललं ते कुणाला माहीत नाही, पण पुष्कळ वर्षं चाललं असं म्हणतात.

आता वाडीचं सांगतो. मळईटाकळीची खालची वाडी नदी आणि ओढा यांच्या मधल्या मळईवर, म्हणजे गाळाच्या सपाट जमिनीवर, होती. तिथले लोक नुकतेच ख्रिस्ती झाले होते. झाले कसे, तर एकदा एक गोरे पाद्रीसाहेब पलीकडून गोजाबाईच्या काहिलीत बसून आले. डोळे मिटायला सांगितलेलं त्यांना कळलं नाही. ते उघड्या डोळ्यांनी गोदावरी फिरताना बघत आले. काठावर उतरले, वडाला धरून उभे राहिले, आणि प्रवचनाला जेवढं मराठी आणलं होतं त्यातलं बहुतेक नदीतच पडलं होतं. उरलेलं एकच वाक्य ते पुन्हा पुन्हा म्हणाले, "येशूजवळ तारण आहे." मग वडाच्या मागे जाऊन त्यांनी जे व्हायचं ते होऊ दिलं, आणि लांबच्या रस्त्यानं चालत परत गेले. पुन्हा आले नाहीत.

जाताना ते, त्याच रस्त्यानं आधी चालत आलेल्या आपल्या थोमा मास्तरांना मागे ठेवून गेले, शाळा चालवायला आणि उपासना घ्यायला.

आता गोम अशी की, साहेबांना म्हणायचं होतं उद्धार, पण वाडीतल्या लोकांना 'तारण' हा शब्द चांगला ठाऊक होता. सावकाराकडे जे ठेवावं लागतं ते तारण. थोमा मास्तरांना तर तो जास्तच ठाऊक होता. लहानपणी त्यांच्या घरातून हंडा तारण गेला, मग परात, मग आईचं जातं, आणि काहीच परत आलं नाही. तो शब्द ऐकला की मास्तर आधी घरात काय उरलंय ते मोजायचे. साहेबांना विचारायचं धाडस झालं नाही, आणि साहेब तेव्हा वडामागे होते.

त्यामुळे सगळ्यांनी मिळून असा अर्थ काढला की येशूजवळ तारण ठेवावं लागतं.

शास्त्रात तारणाच्या शेजारी जागोजाग 'कृपा' असा शब्द होता. मास्तरांनी त्याचाही विचार केला आणि तो 'कृपया'सारखा आहे असं ठरवलं. म्हणजे कृपया चपला बाहेर काढाव्यात, तसं कृपया तारण ठेवावं. देव सावकारासारखा खेकसत नाही, नम्रपणे मागतो, एवढाच काय तो फरक.

मग प्रार्थनाघराच्या मागे एक खोली बांधली. तिचं नाव तारणखोली. पहिल्या रविवारी लोकांनी पळ्या आणि उलथनी ठेवली. दुसऱ्या रविवारी कुणीतरी विचारलं, मास्तर, एका उलथन्यावर माणूस तरतो का? मास्तरांना उत्तर माहीत नव्हतं. मास्तर प्रामाणिक होते, म्हणून ते घाबरले, आणि मास्तर घाबरले म्हणून सगळे घाबरले. त्या रविवारी लोकांनी परातीही आणल्या.

किती ठेवलं म्हणजे पुरतं, हे कुणालाच माहीत नव्हतं. भीतीचं सगळं मूळ तिथं होतं असं म्हणतात.

मग नियम निघाले. उपासनेत खाजवलं तर तारण. रविवारी हसलं तर तारण. प्रार्थनेत 'आमेन' उशिरा म्हटलं तर तारण, लवकर म्हटलं तर घाई केली म्हणून तारण. स्वयंपाकाला तवा लागला तर तारणखोलीतून आपलाच तवा आणायचा आणि त्याच्या बदल्यात दुसरं काही ठेवायचं. लोक तव्यासाठी काठवट ठेवायचे, काठवटीसाठी चूल. मग तवा आणि काठवट घेऊन उभे राहायचे, आणि चूल नसायची. मास्तर कुणाला फसवत नव्हते हं. सगळ्यात जास्त त्यांचंच ठेवलेलं होतं. खाट, दोन सदरे, चष्मा, आणि अर्धी मिशी. उरलेली अर्धी ते अडीअडचणीसाठी राखून होते.

वस्तू संपल्या तेव्हा लोक दुसरं काही ठेवायला लागले. एकानं आपल्या कोंबड्याची बांग ठेवली. तेव्हापासून कोंबडा पहाटे कौलावर चढायचा, मान ताणायचा, चोच उघडायचा, आणि आवाज यायचा नाही. तो बराच वेळ तसाच उभा राहायचा आणि मग खाली मान घालून उतरायचा. एका म्हातारीनं आपलं आडनाव ठेवलं, आणि तिच्या मुलांना एकमेकांशी नातं लावता येईना.

आणि मग कुणीतरी झोप ठेवली.

झोप ठेवायची म्हणजे आपली गोधडी नीट घडी करून खोलीत ठेवायची आणि दाराबाहेर यायचं. झोप गोधडीत राहायची. माणूस घरी जागा राहायचा. एकानं ठेवल्यावर दुसऱ्याला वाटलं, आपली झोप घरात आहे म्हणजे आपली भक्ती कमी. बघता बघता सगळ्या वाडीनं गोधड्या आणल्या. तारणखोली आढ्यापर्यंत झोपेनं भरली. एक मांजर उंदरामागे आत गेलं, ते ढिगावर चढलं आणि तिथंच झोपलं. ते पुढे कित्येक वर्षं उठलं नाही. उंदीरही त्याच्या शेजारी झोपला असं म्हणतात.

इकडे वाडीत सगळे उघड्या डोळ्यांनी पडून राहायचे आणि मोजायचे. आज हसलो का. जोरात हसलो का. मनात हसलेलं धरतात का. जिवाची नुसती काहिली व्हायची.

अख्ख्या वाडीत रोज झोपणारं एकच माणूस होतं, गोजाबाई. ती मिसरी लावायची, शिट्टी वाजवायची, रविवारीही माणसं पलीकडे न्यायची, आणि उपासनेला आलीच तर शेवटच्या ओळीत बसून घोरायची. तारणही तिनं काही ठेवलं नव्हतं. म्हणजे एकदा ठेवायला गेली होती. तिच्याजवळ काहील सोडून काहीच नव्हतं, म्हणून ती काहीलच डोक्यावर घेऊन आली. ती दारातून आत जाईना. उभी धरून बघितली, आडवी करून बघितली. सगळे दाराकडेच बघत होते, काहिलीकडे कुणी बघत नव्हतं. मास्तरांनी दाराची चौकट काढली तरी जाईना. शेवटी गोजाबाई म्हणाली, "राहू द्या मास्तर. दारच ल्हान हाये," आणि काहील घेऊन नदीवर गेली.

तेव्हापासून वाडीत दर रविवारी गोजाबाईसाठी वेगळी प्रार्थना व्हायची. दारात अडल्यामुळे तिचं तारण राहिलं, याचं सगळ्यांना मनापासून वाईट वाटायचं. मास्तर तर तिच्या काहिलीत कधी बसलेच नाहीत. बिनतारणाच्या बाईबरोबर नदीत जायचं म्हणजे काय ते त्यांना विचारसुद्धा करवत नव्हतं.

आता खरी गोष्ट.

मास्तरांना एकच मुलगी होती, तबिता. तिचा नवरा दूर रुळाच्या कामावर गेलेला, म्हणून ती बाळंतपणाला बापाकडे आली. तिला मुलगी झाली. मुलगी जन्मली ती डोळे उघडे ठेवूनच, आणि ते तिनं मिटलेच नाहीत.

आधी सुईण म्हणाली, हुशार आहे. मग म्हणाली, फारच हुशार आहे. मग काही म्हणेना. ज्या घरातली झोप खोलीत ठेवलेली, त्या घरात जन्मलेल्या पोरीला झोप मिळणार कुठून? ती रडायची नाही. आढ्याकडे टक लावून बघत राहायची, जणू तीसुद्धा काहीतरी मोजत होती. अंगावर मांस धरेना. दूध प्यायची आणि दिवसेंदिवस हलकी होत जायची. पुढे पुढे तबिता तिला उचलायची तेव्हा नुसतं दुपटंच उचलल्यासारखं वाटायचं.

मुलीला नावसुद्धा नव्हतं. नाव ठेवायचं तर आधी तारण ठेवावं लागत होतं, आणि मास्तरांच्या घरात ठेवायला काही उरलं नव्हतं.

तबिता बापाला म्हणाली, "आबा, माझी गोधडी परत द्या. एका दुपारपुरती."

मास्तरांच्या कमरेला खोलीची किल्ली होती आणि किल्लीवर हात होता. ते म्हणाले, नियम आहे, बदल्यात काहीतरी ठेवावं लागेल.

"काय ठेवू?"

मास्तरांनी उरलेल्या अर्ध्या मिशीला हात लावला.

तबिता म्हणाली, मिशीवर झोप मिळते का? मास्तर म्हणाले, माहीत नाही. ते खरंच त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी ती अर्धी मिशी काढून आत ठेवली, गोधडी हातात घेतली, दारापर्यंत आले, आणि तिथं त्यांच्या मनात आलं, की पुरलं नसेल तर? नातीसाठी नियम वाकवला आणि त्यापायी अख्खी वाडी बुडाली तर? ते मागे फिरले, गोधडी ढिगावर ठेवली आणि कुलूप लावलं. बाहेर येऊन ते पायरीवर बसले. आता मिशीही नव्हती.

तबितानं पोरीला पदरात घेतलं. ती म्हणाली, मी रविवारी पलीकडे जाते. पलीकडे लोक झोपतात.

त्या रविवारी गोदावरीला पूर आला.

भादव्याचा पूर. वर कुठंतरी पाऊस झाला होता, इथं ऊन होतं. ऊन असताना आलेल्या पुराची जास्त भीती वाटते, कारण तो आधी कळवत नाही. नदी एका बाजूनं चढली, ओढा दुसऱ्या बाजूनं फुगला, आणि मळईचं बेट झालं. सगळी वाडी प्रार्थनाघरापाशी जमली, कारण तेवढीच जागा उंच होती. पाणी तिथंही पायरीला लागलं.

गोजाबाई काहील घेऊन पायरीपर्यंत आली. ज्या दारातून काहील आत जात नव्हती, त्या दारापाशी ती आता पाण्यावर डुलत उभी होती.

गोजाबाई म्हणाली, "बसा."

कुणी बसेना. सगळे मास्तरांकडे बघत होते. मास्तर तारणखोलीतून सामान काढत होते. पराती, जाती, चुली, चौकटी, आणि वर गोधड्यांचा ढीग, त्यावरचं झोपलेलं मांजर तेवढं आत ठेवून. ते सगळं काहिलीत भरत होते आणि भरताना जांभया देत होते, कारण खोलीत झोप होती. ते म्हणाले, आधी हे पलीकडे न्या. माणसं मागाहून.

गोजाबाईनं विचारलं, काय हे?

मास्तर म्हणाले, सगळ्यांचं तारण. हे गेलं तर पलीकडे पोचूनही उपयोग नाही.

वाडीतल्या लोकांनाही तसंच वाटत होतं, आणि त्यांच्या घोट्यापर्यंत पाणी आलं होतं.

तबिता पुढे आली. पोर तिच्या खांद्यावर होती, आणि उघड्या डोळ्यांनी पाणी बघत होती. तबिता म्हणाली, "आबा, एवढ्या सगळ्यात हिचं काहीच नाहीये. हिला कुठं बसवू?"

मास्तरांनी काहिलीत बघितलं. खरंच जागा नव्हती, आणि सामानाखाली पाणी साचायला लागलं होतं. त्यांच्या हातात त्यांच्या आईच्या जात्यासारखंच एक जातं होतं, कुणाचं होतं कोण जाणे.

गोजाबाईनं वाट बघितली. मग तिनं एक परात उचलली आणि पाण्यात सोडली. मग चूल. मग चौकट. रागानं नाही, वाळवण झटकावं तसं. प्रत्येक वस्तू पडली की काठावर कुणाचं तरी काळीज हलायचं. ती म्हणाली, "मास्तर, मी इतकी वरसं मान्सं तारते. कुनाचं काय ठिवून घेतलं का कधी?"

मास्तर म्हणाले, पण तारण...

"तारन ठिवायचं नसतंय. तारन व्हतं. हात मोकळं करा आन् बसा. कडा धरायला दोन्ही लागत्यात."

मास्तरांच्या हातातून जातं सुटलं. त्यांनी सोडलं की निसटलं, यावर वाडीत अजून दोन मतं आहेत. पण सुटलं. गोधड्या पाण्यात गेल्या, आणि काहिलीत साचलेलं पाणीही ओसरलं. मास्तर बसले. तबिता पोरीला घेऊन बसली, आणि पाच जण बसले. सगळ्यांनी कडा धरली आणि डोळे मिटले.

मास्तर पहिल्यांदाच बसले होते. त्यांना डोळे मिटण्याची भीती वाटली. त्यांनी खाली बघितलं.

काहिलीच्या बुडाला भोक होतं.

बारीक नाही. भाकरीएवढं. कडा जळून खाल्लेल्या, गुळाची काहील करपल्यावर होतात तशा. त्या भोकातून पाणी दिसत होतं, आणि पाण्यातून एक मासा मास्तरांकडे बघत होता. पाणी आत येत नव्हतं. ते भोकाच्या कडेपर्यंत येऊन थांबलं होतं, पाहुणा उंबऱ्याबाहेर थांबतो तसं.

मास्तरांना एकदम हजार गोष्टी सुचल्या. त्यांनी मनातल्या मनात नवस केला, नियम केला, दोन उपास बोलले. मग डोक्याचं मुंडासं काढलं आणि बोळा करून भोकात कोंबलं.

लगेच पाणी आत आलं.

बोळ्याच्या चारी बाजूंनी उसळून आलं. पायांना लागलं, घोट्यांना लागलं. मास्तरांनी बोळा आणखी दाबला, पाणी आणखी आलं. माणसांनी डोळे उघडले, आणि मग जे काय ओरडणं झालं ते पलीकडच्या गावात ऐकू गेलं असं म्हणतात. काहील तिरकी झाली. तबितानं पोरीला डोक्यावर धरलं.

गोजाबाई वल्हं मारता मारता म्हणाली, "काढा त्ये."

"गोजाबाई, भोक आहे."

"हाये."

"कधीपासून?"

"पयल्यापास्नं."

"मग बुडत कशी नाही?"

गोजाबाईनं थोडा विचार केला. "मला काय ठावं. मी कवा इचारलं न्हाई. काढा त्ये मुंडासं. बस."

आता हा 'बस' म्हणजे खाली बस, की 'बस्स, पुरे झालं', हे तिनं सांगितलं नाही. मास्तरांना दोन्ही ऐकू आले. त्यांनी बोळा उपसला. तो त्यांच्या हातून निसटून नदीतच पडला. पाणी जिथून आलं होतं तिथून परत गेलं. भोक पुन्हा मोकळं झालं, आणि काहील पुन्हा सरळ झाली, आणि त्या खाली पसरलेल्या सगळ्या गोदावरीवर आठ माणसं काहीही न करता बसून राहिली. भीती गेली नव्हती. कुणीही तसं म्हणत नाही. सगळे कापत होते. पण कापत बसले होते.

तेवढ्यात मास्तरांच्या नातीनं जांभई दिली.

कारण गोधड्या भिजल्या होत्या. त्यांतली झोप सुटून पाण्यात मिसळली होती, आणि काहिलीभोवती सगळीकडे पसरली होती. अख्ख्या वाडीची, इतक्या वर्षांची झोप. मासे आडवे झाले. भोवरे मंदावले. मग म्हणे नदीलाच डुलकी लागली, आणि झोपलेल्या माणसाची छाती खाली जाते तसा पूर हळूहळू खाली गेला. पोरीनं डोळे मिटले. तबिता तिच्या नाकाशी बोट धरून बसली, श्वास बघत. श्वास चालू होता.

गोजाबाईनं त्यांना पलीकडे उतरवलं आणि परत गेली. पुन्हा भरून आणलं, पुन्हा गेली. अख्खी वाडी तिनं तशी तारली. जो उतरायचा तो काठावर आडवा व्हायचा आणि घोरायला लागायचा. शेवटची खेप झाली तेव्हा काठावर वाडी झोपलेली आणि गोजाबाई एकटी जागी. तेवढ्यात तिला आठवलं की तारणखोलीत मांजर राहिलंय. अर्धवट जागी असलेली तबिता पुटपुटली, "मावशी, राहू दे ना ते." गोजाबाई म्हणाली, "त्याला कोन सांगनार, बस म्हनून?" आणि काहील ढकलली. तबिताला एवढंच आठवायचं. मग तिलाही झोप लागली.

जिनं सगळ्यांना आणलं, तिच्याकडे बघायला त्या वेळी एकही माणूस जागं नव्हतं. वाडी ही गोष्ट अजून खालच्या आवाजात सांगते.

जाग आली ती कोंबड्याच्या बांगेनं. त्याची बांग परत आली होती, आणि तो राहिलेल्या सगळ्या दिवसांच्या बांगा एकदम देत होता. काहील काठाला लागली होती. आत मांजर बसलं होतं, जागं, आणि भयंकर भुकेलं. गोजाबाई नव्हती.

खूप शोधलं. नदीच्या दोन्ही अंगांनी माणसं गेली. काही म्हणतात वाहून गेली. काही म्हणतात, एकटीनं जागून सगळ्यांना तारलं, तर जरा पडली असेल, खाली कुठल्यातरी मळईवर झोपली आहे. एक म्हातारा म्हणायचा, ती त्या भोकातूनच गेली, तिला दार लहान होतं पण भोक बरोबर होतं. काही सापडलं नाही, एवढं मात्र खरं.

आणि मग जुनी भीती परत आली. कुणीतरी म्हणालं, गोजाबाईनं तर काहीच ठेवलं नव्हतं. तिचं कसं होणार? मग एकीनं नाकातली नथ काढली आणि काहिलीत ठेवली, गोजाबाईच्या नावानं. दुसऱ्यानं काठी ठेवली. तिसऱ्यानं धोतर. जे काही अंगावर उरलं होतं ते लोक काढून ठेवायला लागले, रडत रडत, आणि त्या वस्तूंनी भोक झाकलं, आणि काठाला लागलेल्या काहिलीत पाणी भरायला लागलं.

कुणाचं लक्ष नव्हतं. मास्तरांचं होतं.

मास्तर उभे राहिले. वाडीला वाटलं, आता नियम सांगतील, किती ठेवायचं ते. गोजाबाई कुठं आहे ते त्यांनाही माहीत नव्हतं. ते काहिलीत उतरले. वाकून त्यांनी नथ उचलली आणि जिची होती तिच्या हातात दिली. मग काठी. मग धोतर, ते तर ज्याचं त्यानं लगेच घेतलं. शेवटची वस्तू उचलली तसं पाणी ओसरलं आणि भोक दिसायला लागलं.

मास्तर म्हणाले, "बस."

सगळे खाली बसले.

त्यानंतर मास्तरांनी एकही नियम केला नाही असं म्हणतात. शास्त्र वाचताना 'कृपा' हा शब्द आला की ते थांबायचे, आणि 'कृपया' म्हणायचे नाहीत. नातीचं नाव त्यांनी तेच ठेवलं, आणि त्यासाठी काहीच ठेवलं नाही. ती कृपाबाई शंभरीच्या आसपास गेली, आणि जन्मभर ऊन डोक्यावर आल्याशिवाय उठली नाही. मास्तरांची मिशी मात्र परत आली ती अर्धीच.

आजही मळईटाकळीला गेलात तर ती काहील प्रार्थनाघराच्या दाराबाहेर टांगलेली दिसेल. आत अजून जात नाही. घंटा म्हणून तीच वाजवतात, आणि तिचा आवाज 'बस्स' असा येतो. तारणखोलीला दार नाही. तिथल्या भिंतींत थोडी झोप अजून मुरलेली आहे, त्यामुळे रविवारी उपासनेनंतर वाडी तिथं जाऊन आडवी होते. एक मोठे धर्माधिकारी एकदा हा प्रकार तपासायला आले होते. ते संध्याकाळी उठले. बाळाचा बाप्तिस्मा असला की आईबाप सगळ्यांसमोर दोन्ही हात रिकामे करून दाखवतात. काय ठेवलंत, असं विचारतात. काही नाही, असं ते म्हणतात. मग सगळे जण खाली बसतात.

आणि भादव्यातल्या एका रविवारी काहील नदीत सोडतात. गोजाबाईच्या नावानं, तिला शोधायला नाही, तिची आठवण म्हणून. बाहेरून आलेला कुणीतरी दरवर्षी ते भोक बघतो आणि हळहळतो. मागे एक वेल्डर आला होता, फुकट बुजवून देतो म्हणाला. वाडीनं त्याला मटण-भाकरी खाऊ घातली, खोलीत झोपवलं, आणि वेल्डिंगचं सामान परत बांधून दिलं.

मग आठ जण बसतात. कडा धरतात. आता डोळे मिटत नाहीत, खाली बघतात. भीती वाटते का, असं विचाराल, तर वाटते. दरवर्षी वाटते. भीती वाटली तरी चालते, असं तिथले म्हातारे सांगतात. भोकावर पाय तेवढा ठेवायचा नाही.